बिनमुठीच्या चार पटाश्या: पातं दहापैकी नऊ, शेपटी दहापैकी पाच

पार्सल उघडल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, यांनी अर्धाच माल पाठवलाय."

त्याचं चुकलं नव्हतं. खोक्यात चार पटाश्या, म्हणजे सुताराच्या लाकूड कोरायच्या छिन्न्या, होत्या, ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या, आणि एकीलाही मूठ नव्हती. तशाच मागवल्या होत्या मी. माझा तळवा लहान आहे. तयार पटाशीची मूठ धरली की करंगळी बाहेर लोंबते आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. आजवर वापरलेल्या सगळ्या पटाश्यांच्या मुठी कुणा दांडगट हाताच्या मापाने कातलेल्या. तेव्हा म्हटलं, एकदा पातं दुसऱ्याचं आणि मूठ आपली असं करून बघू. हातघडीची पाती बिनमुठीची विकणारे मोजकेच लोहार आहेत. त्यातल्या एकाकडून हा संच घेतला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यावर आमचं बोलणं होऊन गेलंय.

पात्यांबरोबर ॲशच्या लाकडाचे चार ठोकळे होते, प्रत्येकी ३२ मिलिमीटर चौरस आणि १५० लांब. मुठीचं तोंड फुटू नये म्हणून त्याला आवळून धरणारी चार पितळी कडी होती, मोठ्या पटाशीच्या माथ्यासाठी पोलादाचं एक कडं होतं, आणि अर्ध्या पानाची सूचना.

आधी पात्यांबद्दल, कारण तिथे बोट ठेवायला जागा कमी आहे. ही दोन थरांची पाती आहेत. खालचा पातळ थर कडक पोलादाचा, वरचा जाड थर मऊ लोखंडाचा, आणि दोन्ही भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेले. धारेचा उतार दगडावर घासला की दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते. धारेकडचा भाग चकचकतो, मागचा धुरकट राहतो. चारही पात्यांवर ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होती, कुठे फट नाही की काळा ठिपका नाही. कडकपणा मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, म्हणून जुनी युक्ती केली. बारीक कानस धारेच्या टोकावरून ओढली तर ती काचेवरून सरकावी तशी सरकली. तीच कानस शेपटीवर, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या दांड्यावर, ओढली तर खर्रकन चावली आणि कीस पडला. हे असंच हवं. धार कडक आणि शेपटी मऊ. शेपटीलाही तसंच पाणी दिलं असतं, म्हणजे तापवून बुडवून कडक केलं असतं, तर पहिल्या जोरदार ठोक्याला मुठीच्या आत मोडली असती.

१८च्या पात्याची पाठ मध्ये किंचित फुगीर निघाली. ती सपाट करण्यात एक रविवारची दुपार गेली. बाकी तीन पाती वीस-वीस मिनिटांत बसली. हातघडीच्या मालात एवढं मी धरून चालते.

आता शेपटी. पात्यामागे जो निमुळता चौकोनी दांडा मुठीत शिरतो त्याला मी शेपटी म्हणते, आणि ती जिथून सुरू होते तो रुंद टप्पा म्हणजे खांदा. मुठीवर मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, पडते तेव्हा सगळा मार या खांद्यावर येतो. खांदा मुठीला सपाट टेकला नाही तर तोच मार शेपटीच्या टोकावर जातो, आणि शेपटी पाचरीसारखी मुठीत घुसत राहते. पटाशी विकत घेताना आपण सगळे धार बघतो. धार काय, कुणीही पुन्हा लावून घेईल. शेपटी मात्र लोहाराने जशी पाठवली तशीच पदरात पडते, आणि मूठ बसवणाऱ्याचा सगळा व्यवहार तिच्याशीच असतो.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे व्हर्नियर हातात आल्यावर मला थांबवता येत नाही. १८च्या पटाशीची शेपटी ५५ मिलिमीटर लांब, खांद्यापाशी ८ रुंद, टोकाला ३. चारही बाजू सारख्या निमुळत्या. ६ची शेपटीही छान होती. १२च्या खांद्यावर हातोडीचा खळगा तसाच राहिलेला. आणि २५ची शेपटी चक्क वाकडी. पात्याच्या पाठीवर पट्टी ठेवून मागे पाहिलं तर जवळजवळ दोन अंशांचा फरक. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. १३० मिलिमीटरच्या मुठीच्या टोकाला ते साडेचार मिलिमीटर होतात, आणि हाताला ते पहिल्या मिनिटात कळतं.

लोहाराला फोटो पाठवले. उत्तर आलं, "हाताने घडवलेलं आहे, थोडं इकडेतिकडे चालायचंच." हे मला पटलेलं नाही. ज्या हाताने दोन थर इतके सुबक जोडले त्याला शेपटी सरळ करणं जड नव्हतं. घाई झाली असणार, किंवा मुठीत लपणारा भाग कोण बघतो असं वाटलं असणार. बदलून देतो म्हणाले, पण पातं इतकं छान होतं की मीच नको म्हटलं. शेपटी मऊ आहे हे कानशीने आधीच सांगितलं होतं, म्हणून ती व्हाइसमध्ये दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये धरली आणि हलक्या हाताने, थंडच, ठोकत ठोकत सरळ केली. सात-आठ ठोके, दर ठोक्याला पट्टी लावून बघायचं. जमलं. पण हे काम माझं नव्हतं.

लाकडाचंही एक सांगायला हवं. ठोकळे हाताला गार लागले, म्हणजे आतून ओले. वजनकाट्यावर एकेक ठेवला आणि पेन्सिलीने आकडा त्याच्यावरच लिहिला. पहिला ११८ ग्रॅमचा होता. मग रोज रात्री तोच उद्योग. तीन आठवड्यांनी तो १०७वर आला आणि पुढे चार दिवस हलला नाही, तेव्हा हात लावला. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. ओल्या लाकडावर कडं घट्ट बसवलं तर महिन्याभरात ते बांगडीसारखं फिरायला लागतं. सूचनेच्या कागदावर वाळवण्याबद्दल एक ओळही नाही. जो माणूस पहिल्यांदा मूठ बसवतोय तो पार्सल आल्याच्या संध्याकाळीच ड्रिल काढणार, हे त्यांना ठाऊक नसेल का?

कड्यांचीही तीच गत. पितळी कडी दिसायला सुंदर, पण चारही एकाच मापाची. ६च्या बारीक शेपटीला आणि २५च्या जाड शेपटीला एकच कडं कसं चालेल? चौकोनी शेपटीचं माप बाजूने घ्यायचं नसतं, कर्णाने घ्यायचं असतं. ८ मिलिमीटरच्या चौरसाचा कर्ण ११.३. कडं कापायला नळकामाचा १५चा तांब्याचा पाइप घेतला तर त्याचा आतला व्यास साधारण १३.६. म्हणजे कोपऱ्याभोवती लाकडाची जेमतेम सव्वा मिलिमीटरची भिंत उरते. ती फुटणारच. २२चा पाइप घेतला तर आत २०च्या आसपास मिळतात आणि चार मिलिमीटरहून जास्त लाकूड उरतं. उलट ६च्या पटाशीची शेपटी खांद्याशी ५ची, कर्ण ७, तिला १५चा पाइप पुरतो.

हा हिशेब मी आधी केला असता तर पुढचं टळलं असतं. १२ला मी त्यांचंच पितळी कडं वापरलं. ते लाकडावर जरा सैल होतं, म्हणून कागदाचा एक वेढा देऊन बसवलं. दिसायला घट्ट. शेपटी आत निम्मी गेली, पाऊण गेली, भाचा म्हणाला, "मावशी, ठोक की आता, किती गोंजारतेस." ठोकली. 'टच्च' असा आवाज आला, सुपारी फुटावी तसा. मुठीच्या तोंडापासून मधोमध, लाकडाच्या रेषेबरोबर, बोटभर लांब चीर. कडं मात्र जागच्या जागी, जणू त्याचा काही संबंधच नाही. आणि खरंच नव्हता. सैल कडं कामाला येतं ते लाकूड उघडल्यानंतर. लाकूड उघडायच्या आधी त्याने दाबून धरलं पाहिजे. भाचा दोन दिवस माझ्याशी फार आदराने वागला.

उरलेल्या तिन्हींना आणि १२च्या दुसऱ्या मुठीलाही मी तांब्याच्या पाइपची कडी कापली. कड्याची आतली धार कानशीने मोडून घेतली, लाकडाचं तोंड आतल्या व्यासापेक्षा केसभर, म्हणजे ०.२ मिलिमीटर, जाड ठेवलं आणि कडं ठोकून चढवलं. चढताना लाकडाची बारीक साल सुटून बाहेर आली. ती आली की समजायचं, बसलं.

आता भोक, जिथे बहुतेकांची मूठ वाकडी होते. माझ्याकडे उभं ड्रिल मशीन नाही, हातातलंच आहे. ठोकळा व्हाइसमध्ये उभा धरला. मी समोरून बघत होते, भाचा बाजूला गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, धरून "पुढे, अजून पुढे, बास" असं सांगत होता. तरीही लाकडाच्या टोकात शिरलेलं ड्रिल रेषा बघून आपल्या मर्जीने वळतंच. म्हणून ठोकळा आधी तासायचा नाही. चौकोनी, जाडजूड असतानाच भोक पाडायचं, मग त्या भोकात ४ मिलिमीटरची सरळ सळई उभी करायची. मी आईची विणकामाची सुई वापरली, ती नेमकी ४ची निघाली. सुई ज्या दिशेला जाते ती मुठीची मध्यरेषा. ती ठोकळ्याच्या चारही बाजूंवर आखून घ्यायची आणि त्या रेषेभोवती मूठ तासायची. भोक थोडं तिरकं गेलं तरी मूठ सरळच होते, कारण तासताना वाकडेपणा कचऱ्यात जातो. ३२चा ठोकळा दिलाय तो याचसाठी, आणि हे लोहाराचं शहाणपण मान्य करायला हवं.

१८ला मी तीन ड्रिल वापरली. ४ मिलिमीटरचं ५८ खोल, ५.५चं ३८ खोल, ७चं १८ खोल. शेपटी ५५ची आणि भोक ५८, कारण टोक तळाला टेकलं की खांदा कधीच बसत नाही. पायऱ्या पाडलेल्या त्या भोकात शेपटी घालायची, पाव वळसा इकडे, पाव तिकडे फिरवायची, काढायची, भुसा झटकायचा. चौकोनी शेपटीचे कोपरे आतलं लाकूड स्वतःच खरवडून आपली जागा करतात. हाताने ढकलून खांदा आणि मुठीत दहा मिलिमीटर अंतर उरलं की थांबायचं. शेवटचे दहा मोगरीचे. मूठ हातात धरायची, पातं खाली मोकळं लोंबू द्यायचं आणि मुठीच्या माथ्यावर ठोकायचं. पातं स्वतःच्या जडपणाने जागच्या जागी राहतं, मूठ खाली सरकत त्याच्यावर चढत जाते. धार कुठेही टेकवावी लागत नाही. हे पहिल्यांदा करताना जादू वाटते. दर ठोक्याला आवाज बदलतो, बोदा आवाज हळूहळू टणक होतो, आणि खांदा बसला की पात्यातून बारीक घंटेसारखा नाद येतो.

सूचनेच्या कागदावर मात्र वेगळीच पद्धत आहे: "शेपटी लाल करून मुठीत घाला." २५ला मी ते करून पाहिलं. पात्याला ओलं फडकं गुंडाळलं, शेपटी तापवली, भोकात घातली, तीन सेकंदांत काढली. खोलीभर धूर. काम झटपट होतं, हे खरं. पण मानेपाशी पोलादावर फिकट पिवळी छटा चढताना दिसली. फिकट पिवळा म्हणजे साधारण २२० अंश सेल्सिअस. तो निळा झाला की ३००च्या आसपास, आणि एवढी उष्णता धारेपर्यंत पोचली तर लोहाराने दिलेलं पाणी उतरलंच म्हणायचं. फडक्यावर आणखी पाणी ओतलं आणि निभावलं. शिवाय भोकाच्या आत कोळशाचा थर उरतो. तो मी सळईने खरवडून काढला तेव्हा चमचाभर काळी पूड निघाली. ती आत राहिली असती तर दोन-तीन महिन्यांच्या ठोक्यांत चुरून मूठ सैल झाली असती. ओल्या फडक्याचा उल्लेखही त्या कागदावर नाही. हा या संचातला सगळ्यात मोठा दोष आहे, वाकड्या शेपटीपेक्षाही.

खांदा आणि मूठ यांच्यामध्ये मी ३ मिलिमीटर जाड चामड्याची चकती घातली. १२चा खळगा कानशीने सपाट केला होता तरी थोडा उरलाच होता, तो चकतीने पोटात घेतला. मारही मऊ होतो. डिंक, इपॉक्सी काही लावलं नाही. नीट बसलेल्या निमुळत्या शेपटीला त्याची गरज पडत नाही, आणि उद्या मूठ बदलायची झाली तर मला ती निघायला हवीय.

तासणं हा यातला सुखाचा भाग. माझ्याकडे लेथ नाही आणि गोल मूठ मला नकोच होती, बाकावरून घरंगळते. अष्टकोनी केली. ठोकळा रंध्याने २४ मिलिमीटर चौरस करायचा, मग प्रत्येक बाजूवर दोन्ही कडांपासून ७ वर रेघ मारायची. मध्ये १० उरतात. कोपरे रेघेपर्यंत रंधले की अष्टकोन. काटेकोर गणिताने मधली बाजू ९.९४ यायला हवी, म्हणजे चूक मिलिमीटरच्या शंभर भागांतल्या सहा भागांची, पेन्सिलीच्या रेघेहूनही बारीक. चोवीस हा आकडा सुतारासाठीच जन्माला आला असावा. त्यानंतर माप बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून मूठ धरून बघत गेले. जिथे करंगळी येते तिथे थोडी बारीक, तळव्यात थोडी फुगीर. १८ची मूठ मी तीन संध्याकाळी तासली. शेवटी पॉलिश पेपर मारलाच नाही. रंध्याच्या पात्याचे सपाट पट्टे हाताला छान लागतात आणि घाम आला तरी मूठ निसटत नाही.

२५च्या माथ्यावर पोलादी कडं चढवायचं होतं, कारण तिच्यावर जड मोगरी पडणार. ही पद्धत जपानी पटाश्यांवर नेहमी दिसते. माथ्याभोवतीचं लाकूड हातोडीने चेपून घ्यायचं, कडं टोकाच्या खाली तीनेक मिलिमीटर जाईल इतकं ठोकायचं, मग वर आलेलं लाकूड पाणी लावून ठोकत ठोकत कड्यावर छत्रीसारखं पसरवायचं. कडं उडत नाही आणि माथा फुटत नाही. कड्याच्या आत बारीक कोर राहिलेली होती, ती आधी कानशीने काढली, नाहीतर लाकूड सोलून निघतं.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात. तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळत घाला.

दोन महिने झाले. चारही रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार दिवस हातात असतात. एका बाकाच्या आठ खोबण्या २५ने आणि १२ने पाडल्या. धार कणखर लाकडातही टिकते. पूर्वी दोन खोबण्यांमागे दगडाकडे जावं लागायचं, आता चार-पाचांमागे. मुठी हललेल्या नाहीत, तापवून बसवलेलीही नाही. २५च्या माथ्यावरचं लाकूड आणखी थोडं पसरलंय, तेवढंच. आणि कळ येत नाही. अंगठ्याच्या मुळाशी ती यायचीच, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते की ती येत नाही हे लक्षात यायलाही आठवडा गेला.

कुणी घ्याव्यात? ज्याच्याकडे रंधा, ड्रिल, व्हाइस आणि महिनाभराची सवड आहे त्याने जरूर. पहिलीच पटाशी घेत असाल तर नको, कारण मूठ तासायला आधी एक धारदार पटाशी लागते. पात्याला दहापैकी नऊ. शेपटी आणि खांद्याला पाच, तेही ६ आणि १८ने लाज राखली म्हणून. कड्यांना तीन. सूचनेच्या कागदाला काही नाही.

त्याच लोहाराला मी आता ३८ची एक सांगितली आहे. अट एकच घातली: निघण्याआधी शेपटीला पट्टी लावलेला फोटो पाठवायचा, वरून एक आणि बाजूने एक. वरून काढलेला काल आला. सरळ आहे. बाजूचा अजून यायचाय.